साडेअकराचा पंचनामा

१

वावेखारची फाईल सापडत नाही हे सोमवारी सकाळी अकरा वाजता कळलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती कोणी पळवली याबद्दल कचेरीत तीन पक्की मतं तयार झाली होती. सरकारी काम सावकाश चालतं म्हणणाऱ्यांनी हा वेग पाहायला हवा होता.

बुधवारी दुर्गा वर्तक एसटीतून उतरल्या. जिल्ह्याच्या जमीन मोजणी खात्यात त्या शिरस्तेदार. निवृत्तीला वर्ष राहिलेलं, नागावला सासरची नारळ-सुपारीची वाडी, आणि पिशवीत कायम घरचं एक शहाळं. कुठल्याही तालुक्यातून ‘गहाळ’ असा शब्द आला की साहेब त्यांनाच धाडत. तीस वर्षांत त्यांना एक गोष्ट कळली होती. कचेरीतून फाईल सहसा बाहेर जात नाही, ती नजरेआड जाते.

पायरीवर हिरव्या लुगड्यातली सत्तरीची बाई बसली होती. ही सखुबाई घरत, हरवलेल्या फाईलची मालकीण. वावेखारच्या खाजणात, खाडीलगतच्या खारट जमिनीत, तिची एकतीस गुंठे भातजमीन. बाहेरचा बांध तीन वर्षांपूर्वी फुटला आणि तेव्हापासून भरतीचं पाणी शेतात शिरतं. आता खाडीकाठच्या नव्या रस्त्याचे नकाशे ठरत होते. येत्या सोमवारी प्रांतसाहेबांपुढे सुनावणी होती. तिथे हद्द दाखवता आली नाही तर सखुबाईचं शेत ‘खाडी’ म्हणून लिहिलं जाणार होतं आणि खाडी सरकारची असते. हद्दीचा एकच पुरावा होता, सासऱ्याच्या वेळचं टिपण, म्हणजे मोजणीदाराने जागेवर हाताने काढलेला नकाशा. तो त्या फाईलमध्ये होता. कचेरीतली प्रत वाळवीने कधीच फस्त केली होती.

“मूळ कागद द्यायचा नसतो, सखुबाई,” दुर्गाबाई शेजारी टेकत म्हणाल्या.

“मंग काय द्यावाचा? झेराक्स चालनार न्हाय, बोलले. आन् आता सांगतान, मोजनीला तूच गैरहजर व्हतीस!” तिने कमरेच्या पिशवीतून नोटीस काढली. “ही बघा. पाच वाजता बोलवलान. मी चारपासून बांधावर बसले. कालोख परला, कोनी आला न्हाय. मी गैरहजर व्हय?”

नोटिशीवर लिहिलं होतं: १९ डिसेंबर, सायंकाळी पाच.

दुर्गाबाई आत गेल्या आणि संगणकावर प्रकरण उघडून पाहिलं. शेवटी स्कॅन केलेला पंचनामा होता, त्यातला शेरा असा: ‘१९ डिसेंबर, सकाळी ११.३०. हद्दीचे तीन दगड जागेवर पाहिले. अर्जदार गैरहजर. प्रकरण निकाली.’ नोटिशीखाली आणि या शेऱ्याखाली नाव एकाच माणसाचं होतं, मोजणी करणाऱ्या भूकरमापक परेश कडूचं.

२

कार्यालयाचे प्रमुख देवव्रत जगदाळे कराडकडचे. वय छत्तीस, शर्टाला कडक इस्त्री, आणि खुर्चीमागे भिंतभर पांढरा फळा. फळ्यावर वर्षाची व्यूहरचना होती. गावं एका बाजूला, महिने दुसऱ्या बाजूला, मध्ये लाल, पिवळे, हिरवे चौकोन. खाली जाड अक्षरात: ‘खारजमिनी – रोज दोन मोजण्या.’

“मी आलो तेव्हा इथे तीन-तीन वर्षांची प्रकरणं पडून होती, मॅडम,” ते म्हणाले. “लोक पायरीवर बसून म्हातारे झाले. आठ महिन्यांत नऊशे प्रकरणं निकाली काढली. खोटं सांगत नाही, कुठलीही उघडून बघा.”

दुर्गाबाईंनी सकाळी काही उघडून पाहिली होती. ती खरंच नीट होती. हा माणूस कामाचा होता आणि ते कबूल करायला त्यांना आनंदच वाटला.

“शेवटची एक्केचाळीस मात्र एकाच दिवशी निकाली निघाली. एकतीस डिसेंबरला.”

“हो. रोज दोनचा हिशोब होता, तो खारजमिनींत कुठे अडत होता कळेना. तीस तारखेच्या बैठकीत सगळ्या जिल्ह्यासमोर आमच्या तालुक्याचे लाल चौकोन दाखवले. मी इथे येऊन सांगितलं, उद्या संध्याकाळी लाल रंग दिसता कामा नये. दुसऱ्या दिवशी मी जिल्ह्याला होतो. संध्याकाळी एक्केचाळीस प्रस्ताव मोबाईलवर आले. मंजूर केले.”

“वाचून?”

जगदाळ्यांनी फळ्यावरच्या हिरव्या चौकोनांकडे बोट केलं. मग म्हणाले, “नऊ तारखेला आम्ही जिल्ह्यात पहिले आलो. सव्वीस जानेवारीला गौरव आहे. आणि आता ही फाईल. कोणीतरी माझ्यावर डाव साधतंय, मॅडम.”

“डाव साधणारा एक्केचाळिसातली एकच फाईल का नेईल?”



३

अभिलेख कक्षाची किल्ली मृणाली महाडिककडे असे. माणगावची, तिशीतली, मोत्यासारखं अक्षर, आणि दोन दिवसांत झोप झाली नसावी असे डोळे. तिने आधी तिळगुळाची वडी हातावर ठेवली, मग दार उघडलं.

आत सगळं लखलखीत होतं. फळ्यांवर गावागावांचे गठ्ठे नव्या कोऱ्या लाल कापडात बांधलेले.

“स्वच्छतेलाही गुण होते,” मृणाली म्हणाली. “पाच तारखेला सगळे गठ्ठे नव्याने बांधले. निरुपयोगी कागद पोत्यांत भरले, शिपायाने पोती शिवली, सहा तारखेला रद्दीचा ट्रक घेऊन गेला. लगद्याच्या कारखान्यात.”

“आणि हे?” खालच्या फळीवर, कोपऱ्यात, विटक्या कापडातले तीन जुने गठ्ठे होते.

“ती बेचिराख गावं. वस्ती उठून गेलेली. नाव कागदावर आहे, दिवा एकाही घरात लागत नाही. शंभर वर्षांत कोणी नक्कल मागितली नसेल. म्हणून नवं कापड घातलं नाही.”

दुर्गाबाईंनी सवयीने तिन्हींवरून बोट फिरवलं. पहिल्या दोन गठ्ठ्यांनी बोट काळं केलं. त्यांनी ते पदराला पुसलं.

“वावेखारची फाईल तुम्ही शेवटची कधी पाहिलीत?”

“तीन तारखेला आत ठेवली. नोंदवहीत आहे.” उत्तर पाठ केल्यासारखं आलं. “त्यानंतर बाहेर गेल्याची नोंद नाही.”

तेवढ्यात शिपाई दत्तात्रेय ठाकूर चहा घेऊन आला. उन्हाने रापलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस. जून महिन्यात निवृत्त होणार, तोवर कोणाच्या अध्यात ना मध्यात.

“मला वावेखारचं ते शेत बघायचं आहे,” दुर्गाबाई कप घेत म्हणाल्या. “आत्ता निघाले तर?”

मृणालीने मोबाईल काढला. “रस्ता चाळीस मिनिटांचा दाखवतोय, मॅडम. बाराच्या आत पोचाल.”

“आज एकादशी,” दत्तात्रेय खाली बघत बोलला. “भरती आठ न् पावला झाली. सुकती सव्वादोनला. आता जाल त बांधावरून निस्ता पानी बघाल. जेवून जावा.” आणि रिकामा ट्रे घेऊन तो गेला.

“दत्तूकाकांना कसं कळतं कोण जाणे,” मृणाली म्हणाली. “मला बाई समुद्राचं काही कळत नाही. आमच्या माणगावात कुठला समुद्र?”

दुर्गाबाईंना मात्र कळत होतं. लग्न होऊन नागावला आल्या त्या वर्षी सासऱ्यांनी शिकवलं होतं. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. एकादशीचे अकरा, पाऊणपट सव्वाआठ. अमावास्या-पौर्णिमेला पंधरा धरायचे. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. घड्याळ नसलेल्या माणसांचं हे घड्याळ कोकणच्या किनाऱ्यावर अजून बंद पडलेलं नाही.

चहाचा कप अर्धा राहिला. दाराशी भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर अजून लटकत होतं. दुर्गाबाई उठल्या आणि १९ डिसेंबरच्या चौकोनावर बोट ठेवलं. चौकोनात काळा गोळा होता. अमावास्या!

पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे साडेअकरा वाजता, अमावास्येच्या उधाणात, वावेखारच्या त्या शेतावर पुरुषभर पाणी होतं. आणि त्या पाण्याच्या तळाशी असलेले तीन दगड कोणीतरी ‘जागेवर पाहिले’ होते.

४

परेश कडू दुपारी आला. खाडीकाठच्या आगरी घरातला, दंडावर उन्हाचे पट्टे, बोलायला सडेतोड.

“पाचची वेळ मीच दिली, मॅडम. अमावास्येला दुसरी कुठली देणार? पाण्यातून दगड वर येतात तेव्हाच. पण अठरा तारखेला फोन आला, आगरदांड्याला ड्रोनच्या मोजणीला माणूस हवा. तिथून चार जानेवारीला परत आलो. म्हातारीला कळवायचं राहून गेलं, हे माझंच चुकलं.”

“मग पंचनाम्यावर तुमची सही कशी?”

परेशने मान खाली घातली. ही मान कशासाठी खाली गेली ते दुर्गाबाईंना ताबडतोब कळलं, कारण किनाऱ्यावरच्या प्रत्येक मोजणी कचेरीत ते चालतं आणि प्रत्येक कचेरी ते नाही म्हणते.

“कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवता?”

“होडीत कागद भिजतो, शाई पसरते. मग दोनदा तेच काम. म्हणून ऑफिसातच पंचनाम्यांच्या पॅडवर माझी आणि पंचांची सही घेऊन ठेवतो. वेळ, मजकूर जागेवर भरायचा. पॅड बाहेरच्या टेबलाच्या खणात असतं. खणाला कुलूप नाही.”

“म्हणजे कोणीही भरू शकतं.”

“कोणीही. पण मॅडम,” परेश कडवट हसला, “आमच्यातला कोणी अमावास्येला साडेअकरा लिहील का? माझा पुतण्या सात वर्षांचा आहे, तोही लिहिणार नाही.”

५

चार वाजता जगदाळ्यांच्या खोलीत सगळे बसले. दत्तात्रेय दाराशी उभा होता. शिपायाला बसायला कोणी सांगत नाही, तशी पद्धतच नाही.

दुर्गाबाईंनी भरती-ओहोटीचा हिशोब सांगितला. जगदाळे ऐकता ऐकता फळ्याकडे वळून पाहू लागले.

“म्हणजे हा पंचनामा खोलीत बसून लिहिला,” दुर्गाबाई म्हणाल्या. “लिहिणाऱ्याला समुद्र ठाऊक नाही. म्हणून परेश नाही, आणि तो तेव्हा आगरदांड्यालाही होता. ठाऊक नसलेले इथे दोघं. साहेब, तुम्ही कराडचे. पण शेऱ्यात ‘तीन दगड’ आहेत. दगड तीन हे फक्त सखुबाईच्या टिपणात आहे. लिहिणाऱ्यासमोर फाईल उघडी होती. तुम्ही त्या दिवशी जिल्ह्याला होतात.”

मृणाली रडली नाही. तिने हात मांडीवर ठेवले आणि सरळ बोलली.

“मीच लिहिलं. एक्केचाळीसही. फाईल वाचून एकेक, तारीख नोंदवहीतली, वेळ मनाने वेगवेगळी टाकून, खरं वाटावं म्हणून. वाटलं, निकाली म्हणजे काय, लोक परत अर्ज करतील. कुणाचं शेत जाईल असं मनातही आलं नाही.”

“आणि फाईल?”

“गैरहजेरीत निकाली निघालेली प्रकरणं निरुपयोगी कागदांत टाकायची, असा माझा समज झाला. एक्केचाळीसही पोत्यात गेली. ट्रक गेल्यावर परिपत्रक नीट वाचलं. बाकीच्या चाळिसांत अर्जच होते, ते संगणकावर आहेत. हिच्यात मूळ टिपण होतं. म्हणून मी गहाळ म्हणाले. मॅडम, त्या कागदाचा एव्हाना लगदा झाला असेल.”

बाहेर पायरीवर सखुबाई कोणाला तरी किती वाजले ते विचारत होती, तेवढं आत ऐकू आलं.

६

दुर्गाबाई उठल्या. “अभिलेख कक्षाची किल्ली द्या.”

खालच्या फळीवर ते तीन विटके गठ्ठे होते. दुर्गाबाईंनी पहिल्या दोन्हींना हातही लावला नाही.

“बेचिराख गावांचे कागद. पाच तारखेच्या साफसफाईत यांना कोणी शिवलं नाही असं मृणाली म्हणाली. दोन्हींवर बोटभर धूळ आहे. तिसऱ्यावर नाही.” त्यांनी तिसऱ्याची गाठ सोडली.

वरच्या दोन जीर्ण वह्यांखाली वावेखारची फाईल होती. आत, मेणकागदात, पिवळं पडलेलं टिपण. खाडीची वळणदार रेघ, बांध, आणि तीन छोटे चौकोन, तीन दगड.

मृणालीने तोंडावर हात धरला. जगदाळे म्हणाले, “हे इथे ठेवलं कोणी?”

“ज्याने पोती शिवली त्याने,” दुर्गाबाई दाराकडे वळल्या. “पोती शिवताना हा पंचनामा त्याच्या हाती लागला. त्याने तारीख वाचली, वेळ वाचली. कागद खोटा आहे हे त्याला क्षणात कळलं, कारण तिथी सांगितली की भरती त्याच्या ओठावर असते. सकाळी माझ्यासमोरच होती. दत्तूभाऊ, बरोबर ना?”

दत्तात्रेयाने खांद्यावरचं फडकं हातात घेतलं आणि त्याची घडी घालू लागला.

“व्हय,” तो म्हणाला. “माजा बाप मिठागरावर व्हता. मी बी दहा वर्सं व्हतो. भरतीचा टाइम चुकला त मीठ जातं, मॅडम. त्यात ह्या बाईचा अस्सल कागद दिसला. तो रद्दीत कसा टाकू?”

“मग बोललात का नाही?” जगदाळ्यांचा आवाज चढला. “आम्ही तीन दिवस काखेत कळसा आणि गावाला वळसा घालतोय!”

“काय बोलू, साहेब? तुमचा पहिला नंबर आला. पेढे मीच वाटले. शिपायानं सांगावं का, साहेब, तुमचा पहिला नंबर पान्यात हाय? जूनला पेन्शन हाय माजी. म्हटलं, सोमवारी बाई प्रांतांकडं जायच्या आदी टेबलाव ठेवीन गपचूप.” त्याने फडकं पुन्हा खांद्यावर टाकलं. मग हळूच म्हणाला, “आन् खरं सांगू? रोज दोन मोजन्या फल्यावर लिवलात, तवाच मना म्हाईत व्हतं, व्हनार न्हाय. खाजनात महिन्याचे आठ-धा दिवसच मोजनी व्हते. पन मना कोनी इचारलाच न्हाय.”

दुर्गाबाईंना त्या क्षणी जगदाळ्यांची मनापासून दया आली. आठ महिने हाडाची काडं केलेला माणूस, आणि त्याची सगळी व्यूहरचना एका तिथीच्या पाऊणपटीला अडली होती. ती पाऊणपट रोज सकाळी त्याच्या टेबलावर चहा ठेवत होती.

“मॅडम, अहवालात मृणालीचं नाव येईल?” त्यांनी शेवटी विचारलं.

“येईल. परेशचंही. पण पहिलं नाव मंजुरी देणाऱ्याचं असतं.”

“तेच विचारत होतो.” जगदाळ्यांनी मान हलवली. “एक्केचाळीसही प्रकरणं मी आज पुन्हा उघडतो. जिल्ह्याला मी स्वतःच कळवतो.”

“शेवटून पहिले याल.”

“येऊ.” ते खोलीत परत गेले, कोपऱ्यातली खुर्ची ओढून आपल्या टेबलासमोर ठेवली आणि दाराकडे पाहिलं. “दत्तात्रेय, बसा. वावेखारची मोजणी सोमवारच्या आत करायची आहे. कधी ठेवू?”

दत्तात्रेय खुर्चीच्या कडेवर टेकला. बोटांवर मोजायचीही त्याला गरज पडली नाही.

“रविवारी अमावास्या, साहेब. पाच वाजता.”

७

रविवार सुट्टीचा. तरी पाचला पाऊण तास असताना बांधावर सगळे हजर होते. आजूबाजूच्या शेतमालकांना दत्तात्रेयाने दोन दिवस आधी घरोघर जाऊन नोटिसा दिल्या होत्या. मृणाली चपला हातात घेऊन चिखलात उतरली होती. तिला कोणी यायला सांगितलं नव्हतं. दुर्गाबाई बांधावर बसून शहाळं पीत होत्या.

पाणी हळूहळू मागे सरत होतं. आधी तिवरांची मुळं दिसली, मग फुटक्या बांधाचे दगड, मग शेताची काळी ओली माती. परेशने टिपण पाहून साखळी लावली आणि पावलं मोजत गेला. पाच वाजून पाच मिनिटांनी त्याचा आवाज आला, “पहिला सापडला!”

दुसरा कालवांनी झाकला होता. तिसरा चिखलात इतका रुतला होता की सखुबाईनेच हाताने माती खरवडून काढली. दगडावर छिन्नीने कोरलेली फुली स्वच्छ होती. सखुबाई तिथेच बसली आणि त्या फुलीवरून बोट फिरवत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला तिचे हात चिखलाचे होते.

जगदाळे विजार गुडघ्यापर्यंत दुमडून तिच्याजवळ आले. हातात पॅड होतं, यावेळी कोरं, कोणाच्याही सहीविना. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि लिहू लागले. वेळ सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटं. हद्दीचे तीन दगड जागेवर पाहिले. मग पेन थांबलं. पुढचं वाक्य ते कसं लिहावं याचा विचार करत असावेत.

सखुबाईने मान वर केली.

“काय लिवताव, साहेब?”

“तुमचंच, आजी.”

“मंग लिवा,” ती दगडावर हात ठेवून म्हणाली, “अर्जदार हजर हाय.”